रोज बोटात राहणारा हिरवा खडा: अंगठी घडवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साखरपुड्याची अंगठी घडवून घ्यायची आहे, हिरा नको, हिरवा रंग आवडतो, आणि अंगठी कपाटात न ठेवता रोज घालायची आहे. तुम्ही बँकेत काम करता, नाशिकच्या गंगापूर रोडवरून स्कूटरने ये-जा करता आणि लग्नानंतर सुट्टीच्या दिवशी पिंपळगाव बसवंतला सासरच्या द्राक्षबागेत जाणार आहात. सराफ बाजारात एकाने पाचू दाखवला, दुसऱ्याने ‘हुबेहूब तोच रंग, किंमत पाव’ म्हणत वेगळाच खडा पुढे केला. त्यातच गुरुजींनी तुमच्यासाठी पुष्कराज सुचवल्याचं होणाऱ्या सासूबाईंनी सांगितलं आहे.

माझं रोजचं काम खडे तपासायचं आणि ते अंगठीत बसवून घ्यायचं. त्यावरून पहिलं सांगते: आधी सुटा खडा घ्या, अंगठीचं डिझाइन नंतर. बहुतेक जण उलट करतात. मोबाइलवर अंगठीचा फोटो आवडतो, तो कारागिराला दाखवतात आणि मग त्या मापाचा खडा शोधत फिरतात. मापाला बसेल तो खडा घेतला जातो, मनाला बसेल तो राहून जातो. सोनं कुठल्याही आकारात वळतं, खडा वळत नाही.

पुष्कराजाचं आधी मिटवू. ग्रहासाठी घ्यायचा खडा आणि डोळ्यांना आवडला म्हणून घ्यायचा खडा यांच्या कसोट्या वेगळ्या असतात. ग्रहाच्या खड्याचं वजन रत्तीत सांगितलेलं असतं, बोट ठरलेलं असतं, पुष्कराज तर्जनीत घालतात, खालून कोंदण उघडं ठेवतात म्हणजे खडा कातडीला लागतो, आणि तापवलेला खडा चालणार नाही असंही अनेक गुरुजी सांगतात. साखरपुड्याची अंगठी अनामिकेत जाणार. एकाच अंगठीत दोन्ही हेतू कोंबले की रंग तुमच्या आवडीचा राहत नाही आणि नियम सासूबाईंच्या मनासारखे पाळले जात नाहीत. दोन वेगळ्या अंगठ्या करा, पुष्कराजाची सवडीने करा. सासूबाईंना ‘नको’ म्हणण्याऐवजी ‘त्याचं बोट आणि त्याचा मुहूर्त वेगळा’ असं सांगितलंत तर त्या नक्की समजून घेतील. टिकायला पुष्कराज उत्तमच आहे, कारण माणिक, नीलम आणि पुष्कराज हे तिन्ही एकाच खनिजाचे, कुरुंदाचे, रंग. फक्त पुष्कराज म्हणून सुनेला नावाचा पिवळा स्फटिक (सिट्रीन) किंवा पिवळा टोपाझ गळ्यात मारला जात नाही ना, एवढं तपासून घ्या.

आता हिरव्याकडे. निवड रंगापासून नाही, हातापासून सुरू करा. तुमचा हात दिवसभर काय करतो? स्कूटरची मूठ धरतो, बँकेच्या काउंटरवर आपटतो, बागेत गेल्यावर विरळणीची कात्री धरेल. खड्यांचा कठीणपणा मोजायची मोहस नावाची एक ते दहा अशी पट्टी आहे. हिरा १०, कुरुंद ९, स्पिनेल आणि टोपाझ ८, पाचू साडेसात ते आठ, तुरमली सात ते साडेसात, पेरिडॉट साडेसहा ते सात, ओपल साडेपाच ते साडेसहा, पोवळं तीन-चार, मोती त्याच्याच आसपास. ह्या पट्टीवरचा सातवा आकडा लक्षात ठेवा, कारण आपल्या पांढऱ्या गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, कठीणपणा सात आहे आणि घरातल्या-रस्त्यावरच्या धुळीत गारेचे बारीक कण असतातच. अंगठी रुमालाने पुसली तरी ते कण खड्यावर घासले जातात. सातच्या खालचा खडा रोज घातला तर वर्षा-दोन वर्षांत त्याच्या पैलूंच्या कडा बोथट होतात, वरचा पृष्ठभाग धुरकट दिसायला लागतो, आणि मग खडा ‘पूर्वीसारखा चमकत नाही’ म्हणून लोक परत येतात.

पण नुसता कठीणपणा पाहून चालत नाही. ओरखडा न पडणं वेगळं आणि आपटल्यावर न तडकणं वेगळं. पाचूचं दुखणं नेमकं इथे आहे. आकड्याने तो बऱ्यापैकी कठीण, पण जवळजवळ प्रत्येक पाचूत आत भेगा आणि जाळं असतं. अगदी स्वच्छ पाचू इतका दुर्मीळ असतो की कुणी स्वस्तात दाखवला तर मी आधी तो कारखान्यात पाण्याच्या दाबाखाली वाढवलेला, म्हणजे हायड्रोथर्मल, आहे का ते बघते. नैसर्गिक पाचूच्या भेगा झाकायला त्यात तेल भरतात, बहुतेक वेळा सीडरचं. ही फार जुनी आणि व्यापारात मान्य असलेली रीत आहे, तिला फसवणूक म्हणता येणार नाही. फसवणूक तेव्हा, जेव्हा तेलात हिरवा रंग मिसळलेला असतो किंवा किती तेल आहे हे सांगितलं जात नाही. ते तेल गरम पाण्याने, साबणाने, दुकानातल्या अल्ट्रासॉनिक मशीनने हळूहळू निघून जातं आणि मग आतलं जाळं पांढरं दिसायला लागतं. झांबियाचा पाचू किंचित निळसर, कोलंबियाचा अधिक उबदार हिरवा, असं ढोबळ मानाने म्हणतात. जयपूरच्या बाजारात आज झांबियाचा माल भरपूर येतो आणि तुमच्या बजेटला तोच जवळचा. देशाच्या नावावर पैसे मोजू नका, समोरच्या नगावर मोजा.

म्हणजे पाचू नको का? तुम्ही सणासमारंभाला अंगठी घालणार असतात तर मी पाचूच घ्या म्हटलं असतं. त्याच्यासारखा हिरवा दुसऱ्या कशात नाही, हे मी मनापासून सांगते. पण स्कूटर, काउंटर आणि द्राक्षबाग हे तिन्ही ऐकल्यावर माझा कल दुसरीकडे जातो.

पहिला पर्याय त्सावोराइट. हा गार्नेटच्या कुळातला, म्हणजे आपल्या गोमेदाचा भाऊबंद. १९६७ साली टांझानियात सापडला, पुढे केनियात, आणि तिथल्या त्सावो राष्ट्रीय उद्यानावरून त्याला नाव मिळालं. कठीणपणा सात ते साडेसात, म्हणजे सीमेवरचा, पण आतून बहुधा स्वच्छ. तेल नाही, सहसा तापवणं नाही आणि चमक पाचूपेक्षा जास्त. एक अडचण अशी की मोठ्या आकारात तो फारसा मिळत नाही आणि दोन कॅरेटच्या वर गेला की किंमत एकदम चढते. तुम्हाला तेवढा मोठा लागतही नाही. कॅरेट-सव्वा कॅरेटचा चांगला त्सावोराइट अनामिकेत भरून दिसतो.

दुसरा पर्याय हिरवा नीलम. नाव विचित्र वाटेल, पण कुरुंद लाल असला की माणिक, निळा असला की नीलम आणि हिरवाही असतोच. कठीणपणा नऊ, त्यामुळे स्कूटर-काउंटरची चिंता जवळजवळ मिटते. पण त्याचा हिरवा पाचूसारखा नसतो, हे आधीच सांगते. तो लोहामुळे आलेला रंग आहे, जरा गंभीर, कधी शेवाळी, कधी करडा. त्यातलाच निळ्याकडे झुकणारा मोरपंखी नग मिळाला तर बघत राहावं असा असतो, आणि निळ्या नीलमाच्या मानाने स्वस्त पडतो. ज्यांना ‘हिरवा म्हणजे पाचूचाच हिरवा’ हवा असतो त्यांना हा कधीच आवडत नाही, आणि आवडला नाही तर नाइलाजाने घेऊ नका.

हिरवी तुरमलीही सुंदर असते, पण आच लागली की तडकते. पेरिडॉटचा कोवळा पोपटी रंग मोहक असतो, पण रोजच्या अंगठीला तो मऊ पडतो. कानात घाला.

‘हुबेहूब तोच रंग, पाव किंमत’ म्हणून दाखवलेला खडा काय असेल, हे न बघता सांगता येणार नाही, पण शक्यता तीन-चारच. हिरवा ऑनेक्स, म्हणजे रंगवलेला गारेच्या जातीचा दगड. कारखान्यातला पाचू. दोन तुकडे मधे हिरवा डिंक लावून चिकटवलेला जोड. नाहीतर काच. यातल्या कारखान्यातल्या पाचूला मी नावं ठेवणार नाही. तसा सांगून, त्याच्या किमतीत दिला तर तो प्रामाणिक सौदा आहे. खडा पाण्यात आडवा बुडवून बाजूने बघा, जोड असेल तर मधली रेघ बहुधा दिसते. रामकुंडाजवळ किंवा त्र्यंबकेश्वरला पथारीवर खड्याच्या अंगठ्या मिळतात. श्रद्धेने कुणी घेत असेल तर घेऊ दे, पण रत्न म्हणून मोठी रक्कम मोजायची ती जागा नाही.

आणखी एक गोष्ट मला नेहमी विचारली जाते. ‘आपल्या जिल्ह्यात एवढे स्फटिक निघतात, त्यातलाच घेतला तर?’ सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा जाऊन या. आपल्या काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले अपोफिलाइट, स्टिल्बाइट तिथे बघायला मिळतात, आणि हिरवट अपोफिलाइट पाहून कुणालाही अंगठीचाच मोह होईल. पण अपोफिलाइटचा कठीणपणा पाचच्या आत-बाहेर, शिवाय तो एका दिशेने सरळ थरात फुटतो. चाकूच्या टोकाने ओरखडा पडतो. शोकेसमध्ये ठेवा, कायम सुंदर राहील. बोटात टिकणार नाही.

खडा बघायचा कसा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथेच ग्राहकाचे पैसे वाचतात किंवा बुडतात. दुकानातले दिवे खडा विकण्यासाठी लावलेले असतात. पिवळट दिव्याखाली लाल खडे पेटल्यासारखे दिसतात, पांढऱ्या थंड उजेडात निळे-हिरवे खुलतात. सकाळी दहा-अकराला जा, खडा पुडीतून काढून दुकानाच्या दारात या, थेट उन्हात नाही, सावलीत उभ्या राहा. खडा पांढऱ्या कागदावर ठेवून बघू नका, डाव्या हाताच्या दोन बोटांच्या फटीत धरा, कारण तो तुमच्या कातडीच्या रंगावर राहणार आहे. मग आत जाऊन ट्यूबखाली बघा. मग संध्याकाळी परत या. दिवसा गर्द सुंदर दिसणारे कितीतरी खडे संध्याकाळी काळे पडतात, आणि साखरपुडे, लग्नं, जेवणावळी संध्याकाळीच असतात. दोन नगांत अडलात तर फिकट वाटणारा घ्या.

दुसरी तपासणी छापील कागदाची. खडा तोंड वर करून वर्तमानपत्राच्या अक्षरांवर ठेवा आणि वरून सरळ बघा. मधोमध अक्षर स्वच्छ वाचता आलं तर खडा पसरट कापलेला आहे. वरून गेलेला उजेड पैलूंवरून उलटून तुमच्या डोळ्यांत येण्याऐवजी खालून निघून जातो, मध्यभागी रंग पातळ होतो आणि अंगठीत बसवल्यावर मधे खिडकी उघडी असल्यासारखं बोट दिसतं. याच्या उलट दोष पोटाचा. कच्च्या दगडाचं वजन वाचवण्यासाठी कारागीर खालचं पोट फुगीर ठेवतात, श्रीलंकेहून आलेल्या मालात हे हमखास दिसतं. त्या पोटाचे पैसे तुम्ही कॅरेटच्या भावाने देता, ते दिसत मात्र कधीच नाही, आणि त्याच्यामुळे अंगठी बोटावर उंच उभी राहून सगळीकडे आपटते. खडा बाजूने धरून बघितलात की पोट लगेच कळतं. चांगल्या पैलूसाठी वजन घालवावं लागतं, याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्याच नावाचा आहे. त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानातला तो प्रसिद्ध नाशिक हिरा १८१८ साली इंग्रजांनी नेला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने तो पुन्हा पैलू पाडून घेतला तेव्हा सुमारे ८० कॅरेटचा हिरा ४३.३८ कॅरेटवर आला. चमक यावी म्हणून त्यांनी जवळजवळ निम्मं वजन सोडलं.

वजनाबद्दल घोळ होऊ देऊ नका. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, हे जगभर एकच. रत्ती मात्र दुकानागणिक बदलते. जयपूरच्या व्यवहारातली पक्की रत्ती ०.९१ कॅरेटची, तर सोन्याच्या तोळ्याच्या हिशोबातली रत्ती ०.६ कॅरेटच्या आसपास. ‘पाच रत्ती’ ऐकून सौदा केलात आणि कुठली रत्ती ते विचारलं नाहीत तर फरक मोठा पडतो. बिलावर कॅरेटच लिहून घ्या. आणि दिसण्यासाठी कॅरेटपेक्षा मिलिमीटर बघा. कुरुंद जड असतो, पाचू हलका, म्हणून एक कॅरेटचा हिरवा नीलम एक कॅरेटच्या पाचूपेक्षा लहान दिसतो. त्यात कुणी फसवलेलं नसतं.

रिपोर्टशिवाय घेऊ नका, आणि रिपोर्ट खडा सुटा असतानाच करून घ्या. अंगठीत बसवल्यावर खालची बाजू झाकली जाते आणि प्रयोगशाळेला पूर्ण तपासणी करता येत नाही. जीआयए ही अमेरिकन रत्नपरीक्षण संस्था, जयपूरची आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी), अशा ठिकाणचा रिपोर्ट विश्वासाचा. त्यात तीन ओळी वाचा: खनिज कोणतं, नैसर्गिक आहे का, आणि प्रक्रिया काय केली आहे. ‘इंडिकेशन्स ऑफ हीटिंग’ असेल तर खडा तापवलेला आहे. कुरुंदात ते सर्रास असतं आणि रंग टिकतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, फक्त न तापवलेल्याचा भाव देऊ नका. पाचूवर तेलाचं प्रमाण ‘मायनर’, ‘मॉडरेट’, ‘सिग्निफिकंट’ असं येतं. रोज वापरायचा असेल तर ‘मायनर’च्या पुढे जाऊ नका. रिपोर्टवरचं वजन आणि मापं समोर काट्यावर, कॅलिपरने पडताळा, म्हणजे कागद ह्याच खड्याचा आहे हे कळेल.

प्रक्रियेवर मी एवढी का अडते, त्याचं कारण हिरवं नाही, लाल आहे. माझ्याकडे एक बाई माणकाची अंगठी घेऊन आल्या. घरी उजळावी म्हणून त्यांनी ती रात्रभर लिंबाच्या पाण्यात ठेवली होती. सकाळी माणकावर पांढऱ्या रेषांचं जाळं उमटलेलं. दहापट भिंगाखाली ठेवून हळूच फिरवलं की आत निळसर झळाळी येत-जात होती, चपटे बुडबुडे दिसत होते. हलक्या प्रतीच्या, भेगांनी भरलेल्या माणकात शिशाची काच वितळवून ओतलेली होती, आणि लिंबाच्या आम्लाने ती काच वरून खाल्ली होती. माणिक आम्लाला दाद देत नाही, काच देते. त्यांना तो खडा विकताना ‘अस्सल माणिक’ एवढंच सांगितलं होतं आणि कागद दिलेला नव्हता. त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यासमोर आहे, कारण ती अंगठी त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवलेली होती.

म्हणून खडा आवडला की लगेच पैसे देऊ नका, जांगडवर मागा. ओळखीच्या पेढीवर थोडी अनामत ठेवून, जांगड पावती करून एक-दोन दिवसांसाठी खडा देतात. पावतीवर वजन, माप आणि परतीची तारीख असावी. जांगड म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळे परत करताना संकोच नको. घरी आपल्या दिव्यात बघा, आईला दाखवा, जमलं तर दुसऱ्या जाणकाराला दाखवा. जांगडला साफ नकार आला तर निदान रिपोर्टवर खरा न ठरल्यास पैसे परत, असं लेखी घ्या. बिलावर खड्याचं नाव, वजन, प्रक्रिया आणि किंमत स्वतंत्र ओळीत हवी, सोनं आणि घडणावळ वेगळी. हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतात, खड्याची नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता घडवणं. तुमच्या घरी ‘बावीस कॅरेटच हवं’ असा आग्रह होईल. बांगड्यांना ठीक, पण खड्याच्या अंगठीला नको. बावीस कॅरेट मऊ असतं, खडा धरणारे दाते झिजतात, वाकतात आणि एखाद्या दिवशी खडा कुठे पडला ते कळतही नाही. अठरा कॅरेट, म्हणजे ७५० शिक्का, घ्या. मोडताना त्यातल्या शुद्ध सोन्याचेच पैसे मिळणार, नुकसान काही नाही. दात्यांऐवजी खड्याभोवती सोन्याची सलग पट्टी असलेलं कोंदण करा. उजेड थोडा कमी जातो हे खरं, पण कड झाकली जाते, आणि खडे बहुतेक कडेलाच टवके उडून खराब होतात. त्सावोराइट घेतलात तर हे करायलाच हवं. हिरवा नीलम घेतलात तर सहा दात्यांचंही चालेल. अंगठीची खालची पट्टी फार बारीक करू नका, दीड मिलिमीटरपेक्षा पातळ असली की काही वर्षांत वाकते. ओतकामाआधी मेणाचा किंवा रेझिनचा नमुना बोटात घालून बघा, मूठ वळा, स्कूटरची मूठ धरल्यासारखं करा. उंची तिथेच कळते.

बोटाचं माप थंडीत सकाळी देऊ नका. निफाड-पिंपळगावच्या कडाक्यात आखडलेल्या बोटाला घेतलेली अंगठी एप्रिलमध्ये साबण लावूनही निघत नाही. दुपारनंतर, हात उबदार असताना माप द्या. आणि पुढे कधी माप वाढवायचं झालं तर कारागिराला सांगा की खडा काढून मगच टाका लावायचा, नाहीतर लेझरने जोडायचं. झाळताना वापरला जाणारा टाकणखार तापला की कुरुंदाचाही पृष्ठभाग खातो, मग पाचू-तुरमलीची काय कथा.

तुमच्या जागी मी असते तर आधी साडेसहा मिलिमीटरच्या आसपासचे दोन-तीन गोल त्सावोराइट आणि एखादा मोरपंखी नीलम शेजारी ठेवून बघितले असते, आणि पाचू शेवटी. पाचू आधी बघितला की बाकीचे नजरेत भरत नाहीत. बागेत जाताना अंगठी काढून ठेवा. कात्रीपेक्षा बोर्डो या बुरशीनाशकाच्या फवारणीचं पाणी आणि माती कोंदणात जाऊन बसते ते जास्त वाईट. महिन्यातून एकदा कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण आणि मऊ ब्रश, बस. पाचूच घेतलात तर साबणही नको, ओल्या फडक्याने पुसायचा. वर्षातून एकदा पेढीवर नेऊन कोंदण सैल झालं नाही ना ते दाखवा. अंगठी कानाजवळ धरून टिचकी मारली आणि बारीक खुळखुळ ऐकू आली तर त्या दिवसापासून ती घालायची नाही, आधी आवळून घ्यायची.